शिक्षा भुताला की जोग्याला?

भयपट संपताना खलनायकाला शिक्षा झालीच पाहिजे का? मला माहीत असलेलं या प्रश्नाचं सगळ्यात शहाणं उत्तर सिनेमाचा शोध लागण्याच्या आठशे वर्षं आधी दिलं गेलं, आणि आज ते उज्जैनच्या नावावर जमा आहे.

महाराष्ट्रातून रेल्वेने गेलेला यात्रेकरू उज्जैन स्टेशनाबाहेर पडला की देवास गेटला येतो. बस स्टँड, पोहे-जलेबीची दुकानं, महाकालाकडे निघालेल्या रिक्षा. पाट्यांवर दोन नावं सारखी भेटतात, महाकाल आणि विक्रम. इथलं विद्यापीठसुद्धा 1957 पासून विक्रमाच्याच नावाचं. हा विक्रम आमच्या पिढीला दूरदर्शनने दाखवला. रामानंद सागर यांच्या 1985 च्या 'विक्रम और बेताल'मध्ये अरुण गोविल राजा झाले होते आणि सज्जन वेताळ. राजाच्या खांद्यावरून उडून पुन्हा झाडाला लटकणारा वेताळ सगळ्यांना आठवतो. ही गोष्ट शेवटी संपते कशी, ते मात्र फार थोड्यांना सांगता येतं. आपल्या प्रश्नाचं उत्तर त्या शेवटातच आहे.

सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मीरमध्ये रचलेल्या 'कथासरित्सागरा'त ही गोष्ट सविस्तर येते. क्षांतिशील नावाचा एक भिक्षू रोज दरबारात येऊन राजाला एक फळ देतो. राजा ते कोषाध्यक्षाच्या हाती सोपवतो, तो भांडारात टाकून देतो. दहा वर्षं हा क्रम चालतो. एक दिवस माकडाच्या हाती ते फळ लागतं, माकड ते फोडतं आणि आतून रत्न पडतं. भांडार उघडून पाहावं तर फळं कुजून गेलेली आणि रत्नांचा ढीग. राजा भिक्षूला विचारतो, एवढं मोल कशासाठी? भिक्षू म्हणतो, एका साधनेसाठी मला वीर पुरुषाची मदत हवी आहे, वद्य चतुर्दशीच्या रात्री स्मशानात ये. राजा शब्दाला जागून जातो. तिथे त्याला काम मिळतं ते लांबच्या शिंशपेच्या झाडाला टांगलेलं प्रेत आणण्याचं. त्या प्रेतात वेताळ आहे. तो वाटेत गोष्ट सांगतो, शेवटी कोडं घालतो. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोकं फुटेल आणि बोललास तर मी परत झाडावर, असा पेच. पुढे पुढे मराठीत एकोणिसाव्या शतकात सदाशिव काशीनाथ छत्र्यांनी 'वेताळपंचविशी' आणली आणि घरोघरी हा पेच पोचला.

चोविसाव्या कोड्याला राजाकडे उत्तर नसतं. तो खांद्यावर ओझं घेऊन मुकाट चालत राहतो. तेव्हा वेताळ प्रसन्न होतो आणि खरी गोष्ट उघड करतो. भिक्षूला बळी द्यायचा आहे तो राजाचाच. तो तुला साष्टांग नमस्कार घालायला सांगेल. तू म्हण, मी राजा, मला नमस्कार घालणं ठाऊक नाही, आधी तुम्ही करून दाखवा. तो आडवा पडला की मान उडव. राजा तसंच करतो.

खलनायकाला शिक्षा झाली, सडेतोड झाली. पण या रात्री कोण कुणाच्या बाजूला उभं आहे ते बघा. स्मशान, प्रेत, प्रेतातून येणारा आवाज, हे सगळं अंगावर काटा आणणारं, आणि राजाचा जीव वाचवतं ते हेच. दहा वर्षं नम्रपणे फळ घेऊन येणारा, दरबारात मान असलेला माणूस खुनी निघतो. भय जिथून वाटतं ती जागा आणि पाप जिथे आहे ती जागा, या दोन वेगळ्या असतात, हे या कथेने नेमकं पकडलं आहे. भयपटाच्या शेवटी शिक्षा हवी की नको, हा प्रश्न मला म्हणूनच अर्धा वाटतो. आधी खलनायक कोण, ते शोधावं लागतं. भयपट बरा की वाईट, हे या शोधावर ठरतं. तलवार त्यानंतरची गोष्ट.

गंमत अशी की सोमदेवाच्या कथेत हे गाव उज्जैन नाहीच. राजा आहे त्रिविक्रमसेन आणि नगर आहे गोदावरीकाठचं प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण. पुढच्या सांगणाऱ्यांनी राजाचा विक्रमादित्य केला आणि गोष्ट क्षिप्रेकाठी नेली. एका गावाचा शालिवाहन शक, दुसऱ्याचा विक्रम संवत. दंतकथांत भांडणारी ही दोन गावं या एका स्मशानात एकत्र येतात. उज्जैनला ही गोष्ट शोभते, यात शंका नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक रस बीभत्सातून उपजतो असं म्हटलं आहे. भयानकाची देवता काळ आणि बीभत्साची महाकाल. महाकालाच्या नगरीत भयकथा रुजली नसती तरच नवल.

आता वेताळाच्या कोड्यांकडे बघू, कारण ती केवळ वेळकाढूपणा नाहीत. त्यातलं एक तर थेट शिक्षेबद्दल आहे. हरिस्वामी नावाचा भुकेला ब्राह्मण रानोमाळ भटकतो आहे. एका गृहिणीला त्याची दया येते, ती त्याला खिरीने भरलेलं पात्र देते. तो ते तळ्याकाठच्या वडाखाली ठेवून हातपाय धुवायला जातो. तेवढ्यात एक घार चोचीत साप घेऊन त्याच वडाच्या फांदीवर बसते. सापाच्या तोंडातलं विष खिरीत ठिबकतं. हरिस्वामी येतो, खातो आणि मरतो. मरण्याआधी तो त्या बाईच्या दारात जाऊन तुझ्या अन्नाने मला मारलं असं म्हणतो, आणि तिचा नवरा तिला घराबाहेर काढतो. वेताळ विचारतो, हे पाप कुणाचं?

राजा म्हणतो, सापाचं नाही, तो शत्रूच्या तावडीत होता. घारीचं नाही, ती आपलं भक्ष्य खात होती. अन्न देणाऱ्यांचं तर नाहीच. विचार न करता यांच्यातल्या कुणालाही जो दोषी ठरवील, पाप त्याचं.

नऊ शतकांहून जुन्या कथेत हे उत्तर वाचलं की मी दर वेळी थबकतो. ज्या राजाला पहाटेपूर्वी एका माणसाची मान उडवायची आहे, त्याला रात्रभर दोष ठरवण्याचंच शिक्षण दिलं जातं आहे. आणि त्या बाईकडेही बघा. मरण दिसलं, कुणाला तरी शिक्षा करायची घाई झाली आणि जी सगळ्यात जवळ होती तिला घराबाहेर काढलं. आपल्या किती भयपटांत असंच होतं! घरात काही विपरीत घडलं की बोट सुनेकडे, विधवेकडे, गावकुसाबाहेरच्या कुणाकडे तरी वळतं. पटकथेनेही तोच निवाडा कायम केला तर शेवटचा होम, त्रिशूळ आणि किंकाळी यांनी न्याय होत नाही. हरिस्वामीचीच गोष्ट पुन्हा घडते.

सिनेमाच्या इतिहासात शिक्षेची सक्ती करण्याचा प्रयोगही झाला आहे. अमेरिकेत 1934 पासून निर्मात्यांची एक आचारसंहिता कडकपणे लागू झाली, तिला हेज कोड म्हणतात. गुन्हा फायद्याचा ठरलेला पडद्यावर दिसता कामा नये, असा तिचा दंडक. त्याचा परिणाम 'द बॅड सीड'मध्ये उघडा दिसतो. विल्यम मार्च यांची ही कादंबरी 1954 ची. तिच्यातली रोडा ही गोड, वेण्या घातलेली, शिस्तीची लहान मुलगी खून करते. आईला ते कळतं. ती मुलीला झोपेच्या गोळ्या देते आणि स्वतःवर गोळी झाडते. आई मरते, रोडा वाचते. निदान मुलगी तरी राहिली, असं म्हणत शेजारी बापाचं सांत्वन करतात. वाचकाच्या पोटात खड्डा पडतो तो या सांत्वनाने. मर्विन लरॉय यांनी 1956 मध्ये सिनेमा केला तेव्हा हा शेवट चालणं शक्य नव्हतं. म्हणून आईला जगवलं आणि वादळी रात्री धक्क्यावर गेलेल्या रोडावर वीज पाडली. एवढ्याने समाधान झालं नाही म्हणून की काय, नाटकासारखी नटांची ओळख करून देताना आई रोडाला मांडीवर घेऊन चापट्या मारते, असंही दृश्य जोडलं.

ही शिक्षा का पटत नाही? वीज कुणावरही पडते. तिने रोडाचा गुन्हा ओळखलेला नाही. कथेतल्या कुणाला न्याय मिळालेला नाही, फक्त नियमाची पूर्तता झाली आहे. 1968 मध्ये ही संहिता जाऊन वयानुसार प्रमाणपत्रं आली. त्याच वर्षी 'रोझमेरीज बेबी' आणि 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' आले. दोन्हींत शेवटी सज्जनांच्या पदरी काही पडत नाही. 1978 च्या 'हॅलोविन'मध्ये सहा गोळ्या खाऊन बाल्कनीतून पडलेला खुनी मायकेल मायर्स क्षणात नाहीसा होतो. तो शेवट उत्तम होता. नंतर मात्र न मरणारा खुनी ही पुढच्या भागाची आगाऊ जाहिरात झाली, आणि शिक्षा टाळण्यामागचा विचारच हरवला.

आपल्याकडेही सक्तीचा शेवट झाला आहे, तो भयपटात नसला तरी सगळ्यांना माहीत असलेला. 'शोले'त ठाकूर गब्बरला पायांनी तुडवून मारतो असं चित्रित झालं होतं. सेन्सॉरने हरकत घेतली, आणीबाणीचे दिवस होते, आणि 1975 मध्ये पडद्यावर पोलीस वेळेवर पोचले. शिक्षा कायद्यानेच दिली पाहिजे, हा आग्रह मला समजतो. पण ज्याचे हात तोडले त्याच्या कथेत न्याय शेवटच्या क्षणी परक्या हातात गेला, ही टोचणी उरतेच.

प्रेक्षकाला शिक्षा का हवी असते, त्याला एक शारीरिक कारणही आहे. डॉल्फ झिलमन या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की भीतीने वाढलेली धडधड, ताणलेले स्नायू, घाम हे सगळं प्रसंग संपल्याबरोबर उतरत नाही, हळूहळू उतरतं. तोवर जी पुढची भावना येईल ती या उरलेल्या उत्तेजनावर स्वार होते आणि नेहमीपेक्षा मोठी वाटते. दीड तास घाबरलेल्या माणसाला शेवटी सुटका मिळाली तर ती सुटका आनंदोत्सव होते. मिळाली नाही तर तेच उत्तेजन अस्वस्थता होऊन घरापर्यंत येतं. दिग्दर्शकाच्या हाती हे मोठं बळ आहे. ज्याच्यावर तो त्या क्षणी बोट ठेवील त्याचा नाश थिएटर टाळ्या वाजवून साजरा करणार. म्हणूनच बोट कुणावर ठेवायचं, याची जबाबदारी इतर कुठल्याही चित्रपटापेक्षा भयपटात जास्त आहे.

रामसे बंधूंच्या 'पुराना मंदिर'कडे (1984) या नजरेने पाहिलं की एक वेगळीच गोष्ट दिसते. राजा हरिमानसिंग सामरी या सैतानाला शिरच्छेदाची शिक्षा देतो. डोकं एकीकडे, धड दुसरीकडे. म्हणजे इतर चित्रपट जिथे संपतात तिथून हा सुरू होतो. मरता मरता सामरी शाप देतो की या घराण्यातल्या बायका बाळंतपणात मरतील. पिढ्यान्‌पिढ्या तेच होतं. शेवटी सामरी पुन्हा उठतो आणि जळून मरतो, प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो. पण निवाडा दिला पुरुषाने, गुन्हा केला सामरीने आणि मेल्या त्या बायका, हा हिशेब चित्रपट मांडत नाही. मांडला असता तर तो आणखी भयंकर झाला असता. महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला'तला (1993) तात्या विंचू मात्र सरळ गुन्हेगार आहे, मंत्राच्या बळावर बाहुल्यात शिरलेला. रामदास पाध्यांनी घडवलेल्या त्या बाहुल्याने मराठी मुलांच्या एका पिढीची झोप उडवली. त्याच्या भुवयांच्या मध्ये गोळी लागते तेव्हा मनात काही शंका उरत नाही, आणि 2013 मध्ये तो परत आला तेव्हा सगळे आनंदाने त्याला भेटायला गेले.

मराठी मातीतला सगळ्यात कठोर निवाडा मला 'तुंबाड'मध्ये (2018) दिसतो. राही अनिल बर्वे यांच्या या चित्रपटावर नारायण धारपांच्या कथेची सावली आहे, आणि कोकणातला पाऊस त्यात पात्रासारखा वावरतो. हस्तर हा आदिमातेचा पहिला, शापित मुलगा. त्याच्या लंगोटातून सोन्याच्या मोहरा काढायला विनायक वाड्याखालच्या गर्भात उतरतो, कणकेची बाहुली टाकून त्याला भुलवतो आणि पळतो. हस्तर दिसायला अक्राळविक्राळ आहे, पण तो कधी घराबाहेर पडून कुणाच्या मागे लागत नाही. त्याच्याकडे लोक जातात. विनायक दर खेपेला श्रीमंत होतो आणि दर खेपेला थोडा अधिक हस्तर होतो. शेवटी मुलाच्या, पांडुरंगाच्या, कल्पनेनुसार बाहुल्यांचा ढीग घेऊन दोघं उतरतात आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर प्रकटतात. विनायक मुलाला वाचवतो, स्वतः शापाच्या तडाख्यात सापडतो आणि त्या विद्रूप अवस्थेतही मोहरांनी भरलेला लंगोट मुलापुढे धरतो. पांडुरंग तो नाकारतो आणि बापाला अग्नी देतो.

इथे हस्तर मरत नाही. त्याला मारायची गरजही नाही. शिक्षा होते ती विनायकाला, आणि ती देतो त्याच्याच हाताखाली लोभ शिकलेला मुलगा. शिवाय ती शिक्षा सुटकाही आहे, कारण शापित माणसाला इथे मरणच येत नाही; आजीचं काय झालं ते आपण आधी पाहिलेलं असतं. विक्रमाला मिळालेला निवाडा तोच आहे. प्रेताला सोड, जोग्याला धर. फरक एवढाच की तुंबाडमध्ये राजा आणि जोगी एकाच घरात राहतात.

हे मराठी माणसाला सहज उमजायला हवं, कारण आपण वेताळाला कधी खलनायक मानलंच नाही. शिरोड्याजवळच्या आरवलीचा वेतोबा गावाचा राखणदार. रात्री तो गावात फेरी मारतो आणि त्याच्या वहाणा झिजतात म्हणून लोक त्याला भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात, केळ्यांचे घड देतात. गोव्यातही आमोण्यासारख्या गावांत बेताळ ग्रामदेवता आहे. कुणी फसवलं, कुणी जमीन लाटली की अशा देवाला गाऱ्हाणं घालायचं. म्हणजे भुतांचा राजा हा आरोपी नव्हे, न्यायाधीश. मुंजाचंही तसंच. पिंपळावरच्या मुंजाला आपल्याकडे पार बांधतात, दिवा लावतात, कारण ते अकाली गेलेलं पोर असतं.

भुताला शिक्षा नको, त्याची तक्रार ऐकली जायला हवी, हे सिनेमात सगळ्यात हुशारीने केलं ते फाझिल यांच्या 'मणिचित्रताळ्' या 1993 च्या मल्याळम चित्रपटाने. 'भूल भुलैया' त्याचाच हिंदी अवतार. नर्तकीवर अन्याय करून तिला मारणाऱ्या सरदाराची मान आपण उडवली, असं आजारी नायिकेला वाटलं पाहिजे. म्हणून डॉक्टर माणसाच्या जागी पुतळा ठेवतो. तिचं समाधान होतं, जिवंत माणूस वाचतो. शिक्षेची भूक खरी आहे आणि ती भागवायला रक्तच लागतं असं नाही, असा तो उपचार.

पुन्हा उज्जैनला येऊ. देवास गेटलाच माधव कॉलेजची जुनी इमारत आहे. हे कॉलेज शिंद्यांच्या माधवरावांच्या नावाचं. इथे एक मराठी घरातला मुलगा शिकला आणि हिंदीतला मोठा कवी झाला, गजानन माधव मुक्तिबोध. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहीत. मुक्तिबोधांच्या 'ब्रह्मराक्षस' या कवितेत गावाबाहेरच्या पडक्या विहिरीत एक ब्रह्मराक्षस राहतो. प्रचंड विद्वान, आणि अंगावरचा पापाचा मळ धुऊन काढण्यासाठी अखंड स्वतःला घासत बसलेला. त्याला शिक्षा करायला विक्रमाची गरज नाही. तो स्वतःच स्वतःची शिक्षा आहे. आणि कवी काय मागतो? त्या भुताचा शिष्य व्हायला मिळावं, त्याचं अपुरं राहिलेलं काम शेवटाला न्यावं. हाच धागा त्यांच्या 'ब्रह्मराक्षस का शिष्य' या कथेतही आहे. काशीत आलेला एक अडाणी मुलगा बारा वर्षं एका गुरूकडे शिकतो, आणि शिक्षण पुरं झाल्यावर गुरूचा हात तुपासाठी लांबच लांब होत जाताना पाहून त्याला कळतं की आपला गुरू माणूस नव्हे. मिळवलेली विद्या कुणाला दिली नाही म्हणून तो अडकला होता. आता तो मोकळा होतो आणि सांगतो, हे तू पुढे दिलं नाहीस तर तुझीही सुटका नाही.

इथे भूत आहे, अपराध आहे, भय तर आहेच, आणि तरीही ना मान उडते ना क्षमा मागितली जाते. अपराध भरून काढला जातो. मणी कौल यांनी 1980 मध्ये मुक्तिबोधांच्या लेखनावर 'सतह से उठता आदमी' केला, पण तो भयपट नव्हता. तुंबाडच्या वाड्यात लोभ इतका खरा करून दाखवणाऱ्या आपल्या दिग्दर्शकांपैकी कुणीतरी ही काशीतली गोष्ट पडद्यावर आणावी. लांब होत जाणारा तो हात काळोख्या थिएटरमध्ये बघायची माझी फार इच्छा आहे.